ढिगाच्या आतला ओलावा

आमच्या घरी संगणक आला तो २००२ साली. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता आणि अमरावतीत जो तो त्याचेच बोलत होता. नोकरीत राहायचे तर प्रमाणपत्र हवे, प्रमाणपत्रासाठी सराव हवा. भिशी उचलून आम्ही सुटे भाग जोडलेला एक संगणक घरी आणला. तो सुरू झाला की अम्मी डोक्यावरचा पदर सावरायची, जणू कोणी परका माणूस घरात येऊन बसला आहे.

दुकानातल्या पोराने त्यात काय काय भरून दिले ते आम्हाला हळूहळू कळत गेले. विंडोज, लिहिण्याची साधने, शब्दकोश, मुलांचे खेळ, सारे एका पांढऱ्या सीडीवरून आलेले. त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत. पावती मिळाली ती फक्त यंत्राची. आम्हीही विचारले नाही. ही गोष्ट आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे आम्ही दुसऱ्यांच्या इमानाबद्दल बरेच बोलणार आहोत.

एकच वस्तू आम्ही रोख पैसे मोजून, पावतीसह विकत घेतली. ते होते मराठी टंकलेखनाचे एक सॉफ्टवेअर. ते घेतले मास्टरसाबांसाठी.

मास्टरसाब अकोल्याचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन ताजनापेठेकडे राहत. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली होती. आपण मराठीत लिहितो ते ठीक, पण आपल्या घरात जे शब्द बोलले जातात ते ना उर्दूच्या कोशात सापडतात ना मराठीच्या. ते शब्द आपल्या बायाबापड्यांबरोबर कब्रस्तानात जात आहेत. म्हणून त्यांनी वह्या केल्या. चुलीपाशी, लग्नघरात, जिनात, शेतात ऐकलेले शब्द. प्रत्येकापुढे अर्थ, तो कोणाच्या तोंडून ऐकला त्याची नोंद आणि वापराचे एक वाक्य. बारा वर्षांत सात वह्या भरल्या आणि चौदाशेच्या आसपास शब्द जमले.

दर दुसऱ्या रविवारी ते अकोल्याहून पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरत, तिथून ऑटोने आमच्याकडे येत. ते वाचत, आम्ही टंकत बसत असू. भारनियमनाचे दिवस होते. दिवे जाण्याच्या आधी पाच मिनिटे काम जतन करायचे, असा नियम केला होता. पण सॉफ्टवेअर दिव्यांची वाट पाहत नसे. मधूनच पडदा गोठून जाई. कधी जतन केलेल्या पानातून सगळे अनुस्वार निघून जात. आणि सर्वांत गंमत म्हणजे, त्याला ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहिता येत नसे. ‘ऱ्ह’ मधला तो आडवा अर्धा र हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. ‘पऱ्हाटी’ लिहायला जावे तर र उडी मारून ह च्या डोक्यावर बसे. मास्टरसाब चष्मा वर करून म्हणत, “बाबू, ज्याले आपल्या मुलखाचं नावच लिहिता येत नाही, त्यानं मराठी लिहितो म्हणून आपल्याकडून पैसे कसे घेतले?”

आम्ही हसायचो. दुकानात फोन केला की पलीकडून ठरलेले उत्तर येई : “सर, एकडाव बंद करून चालू करा, होते बराबर. नाही झालं तर पॅच येऊन राह्यला.” पॅच म्हणजे ठिगळ. नवीन कापड घेताना दुकानदार ‘ठिगळ नंतर पाठवतो’ म्हणाला, तर आपण ते घेऊ का, हा प्रश्न त्या वेळी आम्हाला सुचला नाही.

२००४ च्या उन्हाळ्यात शब्द टंकून संपले. त्या दिवशी घरात शीरखुर्मा झाला. मास्टरसाबांच्या खोलीत वाळवी लागली होती आणि वह्या कुठे ठेवाव्या याची त्यांना चिंता होती. आम्ही मोठ्या ऐटीत म्हणालो, “आता सगळं काँप्युटरमध्ये आलं, मास्टरसाब. वह्यांची काळजी सोडा.” त्यांनी ती सोडली. वह्या रद्दीत गेल्या.

पाच महिन्यांनी कंपनीची नवी आवृत्ती आली. जुन्यातले सर्व दोष काढले आहेत असे सांगून तिचे पुन्हा पैसे घेतले गेले. तिने ‘वऱ्हाड’ बरोबर लिहिले, हे कबूल केले पाहिजे. पण जुनी फाईल तिच्यात उघडली तेव्हा पहिली चाळीसेक पाने आली आणि पुढे नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हे. जुन्या आवृत्तीत परत गेलो, तर नव्या आवृत्तीने जतन केलेली तीच फाईल तिला ओळखता येईना. चौदाशेपैकी साडेचारशे शब्द हाती लागले.

हे का झाले ते नंतर समजले. त्या काळी मराठी टंकाच्या प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा असे. पडद्यावर ‘क’ दिसला तरी आत तो कुठल्यातरी इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागी बसवलेला असे, आणि त्या जागेचा नकाशा कंपनीजवळ. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासूनच होती, विंडोज २००० आणि एक्सपीत ती वापरताही येत होती, पण छापखान्यांचे आणि आमच्यासारख्यांचे काम जुन्या टंकांवरच चाले. मराठीतला ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ साली आला. म्हणजे आम्ही आमची भाषा लिहीत होतो आणि कुलूप दुसऱ्याच्या हाती होते.

त्या रात्री आम्ही पहिल्यांदा त्या सॉफ्टवेअरचा करारनामा वाचला. खोक्यात तो होताच. त्याचा मतितार्थ असा : वस्तू जशी आहे तशी दिली आहे. ती कोणत्याही कामाला योग्य असल्याची हमी नाही. तिच्यामुळे काही नष्ट झाले तर कंपनी जबाबदार नाही. आणि तुम्ही ती विकत घेतलेली नाही, वापरण्याची फक्त परवानगी घेतली आहे. असा करार काही त्या एकट्या कंपनीचा नव्हता. जगातल्या बहुतेक सॉफ्टवेअरबरोबर थोड्या फरकाने तोच येतो.

इथून आमच्या मनात प्रश्न सुरू झाला. ‘जसे आहे तसे घ्या’ एवढे म्हटले की विकणाऱ्याची जबाबदारी संपते का?

विकणाऱ्यांची बाजू आधी मांडली पाहिजे. सॉफ्टवेअर निर्दोष बनवणे हे माणसाच्या शक्तीबाहेरचे आहे, असे त्या विषयातले थोर लोकच सांगतात. डच संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी अर्ध्या शतकापूर्वीच दाखवून दिले की चाचणीने दोष आहेत हे सिद्ध होते, दोष नाहीत हे कधीच सिद्ध होत नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवताना खुद्द बिल गेट्स यांच्यासमोर पडदा निळा पडला आणि सारे सभागृह हसले. २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज १० च्या एका अद्ययावत आवृत्तीने काही लोकांच्या फायली पुसून टाकल्या, तेव्हा कंपनीला ती थांबवावी लागली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाईलने जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले, विमाने जमिनीवर राहिली. हे सारे अडाणी लोकांचे काम नव्हते. चूक माणसाकडून होणारच, निर्दोष फक्त अल्लाह.

हे आम्हाला मान्य आहे. पण यातून जो निष्कर्ष काढला जातो तो मान्य नाही.

मदिनेच्या बाजारातली ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. हजरत मुहम्मद (स.) एका धान्याच्या ढिगापाशी थांबले, आत हात घातला, तर बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. तेव्हा त्यांनी विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का नाही ठेवले? आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. या गोष्टीत नीट पाहिले तर व्यापाऱ्याला पावसाबद्दल एका शब्दाने बोल लावलेला नाही. पाऊस कोणाच्या हातचा नसतो. ओले धान्य विकू नकोस असेही म्हटलेले नाही. बोल लागला तो ओल खाली दडवल्याबद्दल. सॉफ्टवेअरमधला दोष हा पाऊस आहे. तो खाली घालून वर कोरड्या दाण्यांची जाहिरात लावणे, ही गोष्ट पावसाच्या माथी मारता येत नाही.

‘जसे आहे तसे’ हा करारही काही अमेरिकेत शोधला गेलेला नाही. आपल्या फिकहमध्ये त्यावर हजार वर्षांहून जुनी चर्चा आहे. विकणाऱ्याने ‘कोणत्याही दोषाची जबाबदारी माझ्यावर नाही’ अशी अट घातली तर ती चालते का? हनफी मताने चालते. शाफई मत त्याला मोठ्या मर्यादा घालते. म्हणजे आम्ही वऱ्हाडातले हनफी आणि आमचे कोकणातले शाफई भाऊ या खोक्यावर एकमताने सही करणार नाहीत!

इमाम मालिक यांच्या मुवत्तामध्ये या बाबतीतला एक खटला नोंदलेला आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी एक गुलाम ८०० दिरहमला याच अटीवर विकला. तो काळ माणसांच्या विक्रीचा होता. ही गोष्ट वाचताना आधी मान खाली जाते आणि मगच पुढचा मुद्दा दिसतो. घेणाऱ्याने तक्रार केली की याला आजार आहे आणि तो मला सांगितला नाही. प्रकरण हजरत उस्मान (रजि.) यांच्याकडे गेले. त्यांनी अट वैध की अवैध हा वाद घातला नाही. त्यांनी विकणाऱ्याला एवढेच सांगितले की विकताना हा आजार मला ठाऊक नव्हता अशी शपथ घ्या. इब्न उमर यांनी शपथ घ्यायला नकार दिला आणि सौदा परत घेतला.

सगळा न्याय त्या एका शपथेत आहे. दोष होता का, हा प्रश्न नाही. तुम्हाला माहीत होता का, हा प्रश्न आहे.

आमचा एक भाचा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मागच्या ईदला आला तेव्हा आम्ही ही गोष्ट त्याला सांगितली आणि विचारले, तुझी कंपनी अशी शपथ घेईल का? तो हसला. म्हणाला, “मामू, आमच्याकडे दोषांची यादीच असते. कोणता दोष कोणी शोधला, केव्हा शोधला, किती गंभीर, सगळं तारखेनिशी. बाजारात आणायची तारीख आधी ठरलेली असते. त्या तारखेपर्यंत जेवढे दुरुस्त झाले तेवढे झाले, बाकीचे पुढच्या वेळी.” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, “शपथ तर नाही घेता येणार.”

ती यादी ढिगाच्या वर ठेवायला किती खर्च येतो? एक कागद. ‘या आवृत्तीत आडवा र येत नाही. चाळीस पानांपुढच्या फायली बिघडतात. दुसरीकडे प्रत ठेवा.’ एवढे खोक्यावर असते तर आम्ही कदाचित तरीही ते घेतले असते. पण वह्या रद्दीत गेल्या नसत्या.

यंत्र बनवणाऱ्यांना हे जमते. १९९४ साली इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये काही विशिष्ट भागाकार किंचित चुकतात हे अमेरिकेतल्या एका गणिताच्या प्राध्यापकाने उघड केले. कंपनी आधी म्हणाली, ज्याला खरोखर गरज आहे हे तो दाखवील त्यालाच बदलून देऊ. लोक संतापले आणि डिसेंबरात तिला मागेल त्या प्रत्येकाची चिप बदलून देण्याचे कबूल करावे लागले. त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरचा भार तिने हिशेबात दाखवला. चिप वस्तू ठरली, म्हणून बदलून मिळाली. सॉफ्टवेअर मात्र परवानगी ठरते. गंमत अशी की ५ नोव्हेंबर २००४ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशाच्या विक्रीकराच्या एका खटल्यात तयार सॉफ्टवेअरची सीडी ही ‘वस्तू’ आहे, तिच्यावर विक्रीकर लागतो, असा निकाल दिला. म्हणजे सरकारने कर घ्यायला ती वस्तू. गिऱ्हाइकाने तक्रार करायला गेले की करारनामा म्हणणार, ती फक्त परवानगी. आता वारे थोडे फिरले आहेत. आपल्याकडच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आले. युरोपीय संघाने २०२४ साली नवा नियम करून सॉफ्टवेअरलाही स्पष्टपणे उत्पादनात धरले.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर इतका कीस कशाला? ब्रिटनमधली गोष्ट ऐका. तिथल्या टपाल कंपनीने १९९९ पासून पोस्टमास्तरांच्या काउंटरवर होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. ती नसलेली तूट दाखवी. कंपनी म्हणत राहिली की प्रणालीत दोष नाही, दोष माणसात आहे. ९०० हून अधिक लोक चोर ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. त्यांत भारतीय उपखंडातून गेलेली कुटुंबेही बरीच होती. त्यांच्या शिक्षा रद्द करायला २०२४ साली संसदेला वेगळा कायदा करावा लागला. दडवलेला दोष असा दुसऱ्याच्या अब्रूवर जाऊन बसतो.

आणि हे आपल्याला वऱ्हाडात शिकवायला नको. इथला शेतकरी सोयाबीनची थैली घेतो तेव्हा १९६६ च्या बियाणे कायद्याने तिच्यावर उगवणशक्ती लिहावी लागते. सोयाबीनला ती किमान ७० टक्के लागते. म्हणजे शंभरातले तीस दाणे उगवणार नाहीत हे थैली आधीच कबूल करते आणि तिच्यावर कोणी रागावत नाही. २०२० च्या खरिपात पेरलेले उगवले नाही तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात तक्रारींचा ढीग पडला आणि बांधावर पंचनामे झाले. कारण लिहिले एक होते आणि निघाले दुसरे. कापसाचेही तसेच. सरकारी खरेदीत ८ टक्के ओलावा धरलेला असतो, १२ टक्क्यांपर्यंत भाव कापून घेतात, त्यापुढे गाडी परत जाते. ओला कापूस विकणे हे पाप नाही. ओलावा मोजून, सांगून, तेवढा भाव कमी घेऊन तो विकता येतो. रात्री गाडीवर पाणी मारून सकाळी कोरड्याचा भाव मागणे हे पाप आहे. अर्धवट सॉफ्टवेअर विकायला आमची हरकत नाही. त्याचा ओलावा लिहा आणि भाव कापा, इतकेच.

इमाम अबू हनीफा हे कापडाचे व्यापारी. त्यांच्याबद्दल असे सांगतात की त्यांनी भागीदाराला एका थानातला दोष दाखवून तो गिऱ्हाइकाला सांगायला बजावले. भागीदार सांगायला विसरला आणि गिऱ्हाईक निघून गेले. इमामसाहेबांनी त्या विक्रीची सारी रक्कम खैरात करून टाकली. ज्यांच्या मताने ‘दोषाची जबाबदारी नाही’ ही अट कायद्यात बसते, त्यांनीच स्वतःच्या दुकानात तिचा आसरा घेतला नाही. कायदा जिथपर्यंत सूट देतो तिथपर्यंत आपण जावेच असे नाही, हे त्यांच्या वागण्यातून शिकावे.

आता आमच्या स्वतःच्या ढिगात हात घालतो. ज्या यंत्रावर बसून आम्ही त्या कंपनीला शिव्या घातल्या, त्यातले बाकी सारे फुकटचे होते. चोराला चोरीच्या मालाबद्दल तक्रार करता येत नाही, हे खरे. पण ज्याचे पैसे मोजले त्याबद्दल करता येते, असे आम्ही स्वतःला समजावले. वकिली म्हणून ते टिकेल. मनाला मात्र टोचत राहिले आणि २००७ पासून आम्ही मुक्त स्रोताची, मोफत वाटायला परवानगी असलेली साधने वापरू लागलो. त्यांच्यातही दोष असतात आणि करारनामा त्यांचाही तसाच आहे, पण निदान दोषांची यादी सगळ्यांना वाचता येते. ढीग उघडा आहे.

याहून मोठी गोष्ट दुसरी. फाईल गेल्याचे सांगायला आम्ही अकोल्याला गेलो. मास्टरसाब ओसरीत बसले होते. आम्ही कंपनीचे, दुकानदाराचे, करारनाम्याचे सगळे पुराण लावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “हे सारं खरं आहे, बाबू. पण वह्या रद्दीत द्या म्हणून कंपनीनं सांगितलं होतं काय?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. दोन वर्षे आम्ही त्या सॉफ्टवेअरचे नखरे पाहत होतो. पाने बिघडतात हे आम्हाला माहीत होते. तरी त्यांच्यासमोर आपली हुशारी मिरवायला आम्ही ‘काळजी सोडा’ म्हणालो. हजरत उस्मानांनी शपथ मागितली असती तर आम्हालाही ती घेता आली नसती. कंपनीने आम्हाला ओले धान्य विकले आणि आम्ही तेच वर कोरडे दाणे पसरून पुढे दिले. आज फोनवर आलेले कुठलेही ॲप आपण आईबापांना लावून देतो, ‘काही होत नाही, दाबा’ म्हणतो, तेव्हा आपणही त्याच बाजारात उभे असतो. जे आपल्याला ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणणे आणि जो दोष ठाऊक आहे तो आधी सांगणे, ही अमानत फक्त कंपन्यांच्या गळ्यात घालून मोकळे होता येत नाही.

मास्टरसाब आमच्यावर रागावले नाहीत. त्यांनी नवी वही आणली आणि आठवतील तसे शब्द पुन्हा लिहायला बसले. पहिल्या पानावर पहिला शब्द लिहिला ‘पऱ्हाटी’, आडवा र ठळक काढून. २००९ साली ते गेले तेव्हा त्या वहीत सहाशेच्या वर शब्द झाले होते. बाकीचे कोणते होते, ते आता कोणाला सांगता येणार नाही.

ती वही आमच्याकडे आहे. तिच्या पानांचे फोटो काढून तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवले आहेत, सगळे शब्द युनिकोडमध्ये टंकले आहेत. आणि वही रद्दीत दिलेली नाही.